काळ्या वाळूचं पत्रक

आमच्या वाडीची वाळू काढायची की नाही, हे डोंबिवलीतल्या लग्नाच्या एका हॉलमध्ये ठरत होतं. वाडी सिंधुदुर्गात आहे, समुद्राला चिकटून. तिथे जी थोडी घरं अजून उघडी असतात, त्यांतल्या एकालाही या सभेचा निरोप गेला नव्हता. किनाऱ्यालगतचा तो पट्टा सामायिक आहे आणि त्याच्या सातबाऱ्यावर ज्यांची नावं आहेत ती माणसं दिवा, कळवा, कल्याण, डोंबिवली इथे राहतात. मग निरोप कशाला धाडायचा?

मंडळाचं नाव ‘मुंबईकर मंडळ’. मुंबईत राहणारा सभासद त्यात एकही नाही. दरवर्षी आमचं स्नेहसंमेलन असतं. सत्यनारायण, दहावी-बारावीच्या मुलांना पेन आणि फाइल, बायकांची संगीत खुर्ची, मग जेवण. जेवणाआधी अध्यक्ष काका बोलतात. ते जे काही बोलतील त्याला टाळ्या वाजवायच्या, कारण टाळ्या झाल्याशिवाय पानं मांडली जात नाहीत. इतकी वर्षं मला या पद्धतीची गंमत वाटायची. त्या दिवशी वाटली नाही.

काकांनी एका पाहुण्याला उभं केलं. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात उलटं लटकणारं ओळखपत्र. कुठल्याशा सर्वेक्षण एजन्सीचा माणूस. तो म्हणाला, “तुमच्या किनाऱ्यावर जी काळी वाळू आहे ना, तिच्यात देशाला हवं असलेलं खनिज आहे. रेअर अर्थ. मराठीत दुर्मिळ मृदा. मोबाइल घ्या, इलेक्ट्रिक गाडी घ्या, पवनचक्की घ्या, तिच्यातलं चुंबक याच्यापासून बनतं. चीनने चुंबकं अडवली तेव्हा आपले कारखाने कसे अडकले, ते टीव्हीवर पाहिलंत सगळ्यांनी.”

सगळ्यांनी पाहिलं होतं. माना हलल्या.

मग फॉर्म वाटले. वर ‘ना-हरकत पत्र’, खाली बारीक अक्षरात ‘जड खनिजांचे सर्वेक्षण, उत्खनन व अनुषंगिक कामे’. दुर्मिळ मृदा हा शब्द त्या कागदावर कुठेच नव्हता. तेव्हा ते माझ्या लक्षातही आलं नाही. मी उभी राहून विचारलं, “किती खोल खणणार?”

“खणणार नाही मॅडम, उचलणार.”

“उचलल्यावर तिथे काय राहणार?”

“वाळूच राहणार. पांढरी. काळी तेवढी काढून घेऊ.” लोक हसले. त्याला आणखी जोर आला. “गोरा किनारा होईल तुमचा.”

अध्यक्ष काका माइककडे झुकले. “अगं, तुझं पत्रक-बित्रक नंतर. आधी लोकांना जेवू दे. वरण थंड होतंय.”

टाळ्या वाजल्या. पानं मांडली गेली. फॉर्म भाताच्या बाजूला ठेवून लोक जेवले.

माझं पत्रक-बित्रक म्हणजे काय ते सांगते. कॉलेज संपल्यापासून मी दिव्यातल्या एका छोट्या गटाबरोबर काम करते. पाणी, कचरा, रस्ता, जे नसेल त्याबद्दल बोंबलायचं. तिथे मी पत्रक लिहायला शिकले. आमचे नियम साधे: मथळा लांबून वाचता आला पाहिजे. पहिल्या वाक्यात चोर दिसला पाहिजे. दुसऱ्या वाक्यात वाचणाऱ्याला कळलं पाहिजे की त्याचा खिसा कापला जातोय. ‘कदाचित’, ‘बहुधा’ असले शब्द खोडायचे. आमचा सगळ्यात अनुभवी दादा म्हणायचा, “शंका घरी ठेवून ये. रस्त्यावर शंका वाटायला कोणी थांबत नाही.” नळाबद्दल लिहिताना हे चालून जायचं. नळाला पाणी येत नाही हे वाचणाऱ्याला माझ्याआधी माहीत असतं.

त्याच रात्री, हॉलमधलं जेवण पचायच्या आत, मी पत्रक लिहिलं. मथळा होता: ‘सोन्याहून महाग माती, फुकटात परक्या हाती’. यमक जुळल्यावर मला वाटलं अर्धी लढाई जिंकली. खाली लिहिलं की आपली काळी वाळू दुर्मिळ मृदेने भरलेली आहे, आणि पुरावा हवा असेल तर स्वतः चुंबक लावून पाहा. मी स्वतः पाहिलं होतं. गणपतीला गेले तेव्हा एका बाटलीत वाळू भरून आणलेली, शोभेला. जुन्या स्पीकरमधून काढलेलं चुंबक तिच्यात फिरवलं तर त्याला काळी दाढी फुटल्यासारखी वाळू चिकटली. चुंबकं दुर्मिळ मृदेपासून होतात, ही वाळू चुंबकाला चिकटते, झालं. कोणाला विचारायची गरज मला वाटली नाही. विचारायचं तरी कोणाला, आणि वेळ कोणाकडे होता?

पुढचे दोन रविवार मी ती बाटली आणि ते चुंबक घेऊन दिव्यातल्या चाळी, कळव्याच्या इमारती, कल्याणला स्टेशनपलीकडची आमच्या गावची चार घरं, सगळं पालथं घातलं. दारात उभी राहून वर्तमानपत्रावर वाळू ओतायची, चुंबक फिरवायचं, लोकांचे डोळे मोठे झाले की पत्रक हातात द्यायचं. मी खूश होते. इतका प्रतिसाद पाण्याच्या पत्रकाला कधी मिळाला नव्हता. कळव्याच्या एका मावशींनी तर शेजारणीला हाक मारली, “ये गं, ही आमच्या गावचं सोनं घेऊन आलीय.” मी तेव्हाही सावध झाले नाही.

सावध झाले ते अध्यक्ष काकांचा फोन आल्यावर. मला वाटलं ओरडणार. ते म्हणाले, “शाब्बास पोरी. जे मला पाच मीटिंगात जमलं नसतं ते तू दोन रविवारात केलंस.”

“काय केलं?”

“लोक सह्या द्यायला स्वतः येतायत. म्हणतायत, एवढं मोलाचं आहे तर पडून कशाला ठेवायचं? ग्रुप बघ.”

ग्रुपवर त्या सर्वेक्षणवाल्या एजंटने माझ्या पत्रकाचा फोटो टाकला होता. खाली लिहिलं होतं, ‘आपल्याच गावच्या सुशिक्षित कन्येने केलेले प्रात्यक्षिक’. त्याखाली अंगठे, हात जोडलेली चिन्हं, आणि कल्याणच्या एका चुलत्यांचा संदेश: ‘लवकर सह्या करा, नाहीतर शेजारच्या गावाला जाईल.’

मी चिडले, पण कोणावर ते ठरेना. लुटतायत म्हणून मी ओरडले होते. लोकांनी त्यातलं फक्त लुटण्याजोगं काहीतरी आहे एवढं ऐकलं. आणि ते ऐकतील असंच मी लिहिलं होतं, मोठ्या टायपात.

घरी बाबा फॉर्म समोर घेऊन बसले होते. बाबा एका कारखान्यात फिटर होते, तो दोन वर्षांपूर्वी बंद झाला. ते कधी माझं पत्रक वाचत नाहीत. हे वाचलं होतं. “खरंच एवढं आहे का गं त्यात?” त्यांनी मोठ्या आशेने विचारलं. मी म्हटलं, “तपासून सांगते.” छापून, वाटून झाल्यावर मी तपासायला निघाले होते.

कल्याणच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या मॅडम होत्या, आता निवृत्त, पण प्रयोगशाळेत येऊन बसायच्या. मैत्रिणीच्या ओळखीने गेले. खोलीभर काचेची कपाटं, त्यांत दगड, दगडांना चिकटवलेल्या चिठ्ठ्या. मॅडमनी पत्रक आधी वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, आणि बाटली मागितली.

त्यांनी चिमूटभर वाळू काचेच्या बशीत घेतली. चुंबक कागदात गुंडाळलं, म्हणजे चिकटलेले कण सोडवता येतात. पहिल्याच फेऱ्यात कण उड्या मारून चिकटले. “हे मॅग्नेटाइट. लोखंडाचं खनिज.” मग कपाटातून दुसरं, जास्त जोरदार चुंबक काढलं. त्याला आणखी काळे कण आले, जरा आळसाने. “हे इल्मेनाइट. लोखंड आणि टायटॅनियम. पांढरा रंग बनवायला लागतं, तुमच्या भिंतीच्या डिस्टेंपरमध्ये असतं. तुमच्या किनाऱ्यावर मुख्यतः हे आहे.”

“आणि दुर्मिळ मृदा?”

“तू चुंबकाला चिकटलं म्हणून ती असं लिहिलंस?”

“चुंबकं तिच्यापासूनच करतात ना?”

“विळीने चिरला जातो म्हणून भोपळा लोखंडाचा ठरतो का?” त्या हसल्या नाहीत, म्हणून जास्त लागलं.

मग त्यांनी मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं आणि तासभर शिकवलं. त्या म्हणाल्या, ते नावच लबाड आहे. दुर्मिळ मृदा ही मृदा नाही, धातू आहेत, सतरा. आणि दुर्मिळही नाहीत तितक्या. जगभरच्या खडकांत थोड्या थोड्या पसरलेल्या आहेत, मिठासारख्या, पण आमटीत विरघळलेल्या मिठासारख्या. एका जागी ढीग होऊन सापडतात ते क्वचित. आपल्याकडे त्या मोनाझाइट नावाच्या खनिजात येतात. ते खनिज ग्रॅनाइटमध्ये, फार जुन्या, तापून दाबून बदललेल्या खडकांत वाढतं. दक्षिणेला केरळ-तामिळनाडूच्या किनाऱ्यामागे तसे खडक आहेत. नद्या ते झिजवतात, समुद्र ते निवडतो. “बायका सुपात धान्य पाखडतात तसं. हलकी वाळू लाट परत नेते, जड कण मागे राहतात. म्हणून काळे पट्टे दिसतात. पण सुपात जे घातलंय तेच पाखडून निघणार ना? आपल्याकडे मागे काय आहे? सह्याद्री. थिजलेला लाव्हा, बेसाल्ट. त्यात लोखंड आहे, टायटॅनियम आहे. मोनाझाइट जवळजवळ नाही.”

“अजिबातच नाही?”

“तुमच्या बाजूला डोंगराकडे जुने खडक डोकं वर काढतात. तिथून कणभर येत असेलही.” त्यांनी बराच वेळ बशी फिरवली आणि मला नळीला डोळा लावायला सांगितलं. काळ्या गर्दीत एक गोलसर कण होता, पातळ मधाच्या रंगाचा. “हा असू शकेल. शपथ घेणार नाही.”

एक कण. त्याच्यावर मी आख्खं पत्रक छापलं होतं, आणि तोही मी पाहिलेला नव्हता.

“मग एजंट खोटं बोलतोय,” मी त्याचा फॉर्म पुढे करत म्हटलं. मला परत चोर सापडला होता.

“तो जे बोलला ते खोटं. कागदावर त्याने लिहिलंय ते खरं. जड खनिजं. त्याला इल्मेनाइट हवंय. दुर्मिळ मृदा हे नाव सध्या टीव्हीवर आहे म्हणून तो ते तोंडाने वापरतो. पण तू तर तेच छापून दिलंस.” पत्रक परत माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, “वाळूत काय आहे हे सगळेच विचारतायत. वाळू तिथे काय करते, हे कोणी विचारलं का?”

मला वाटलं, शिक्षकांना असं बोलायची सवय असते. परतीच्या रिक्षात मी त्या वाक्यावर चिडतच होते. उत्तर माहीत असेल तर सरळ सांगायचं ना.

उत्तर त्याच आठवड्यात दिव्याला आमच्या घरी आलं, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. माझी आत्या. बाबांची मोठी बहीण. तिचं लग्न झालं होतं, वर्षभरात नवरा गेला, सासरच्यांनी परत पाठवली. तेव्हापासून ती वाडीत आहे. वाळूच्या टेकाडाला लागून आमची बाग, पंधरा-वीस माड, चार सुपारी, तिच्यात एक विहीर. हे सगळं ती एकटी राखते. बाबा वर्षातून दोनदा जातात, नारळ आणतात आणि सोसायटीत सांगतात, “आमच्या बागेतले.”

आत्याने आल्या आल्या आमची निळी पिंपं पाहिली. आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं, तेही पाऊण तास, कधी येतही नाही. मग टँकर. ती एका पिंपाचं झाकण उघडून, वास घेऊन म्हणाली, “ह्यां पितास?”

“उकळून पितो,” आई म्हणाली.

“उकळल्यान वास जाता, चव खय जातली?”

ऑपरेशन झाल्यावर मी तिला पत्रक वाचून दाखवलं. एका डोळ्यावर पट्टी होती तिच्या. का वाचून दाखवलं कोण जाणे. बहुतेक कोणीतरी मला शिव्या द्याव्यात अशी इच्छा होती. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, “गो, सोन्याहून महाग म्हटल्यावर ते इकतले नाय तर काय पूजतले?”

“मला वाटलं लोक चिडतील.”

“चिडले मां. माका आधी कसां सांगूक नाय म्हणान चिडले.” मग तिने विचारलं, “वाळू नेल्यानी तर माज्या बावडेचा काय?”

बावडी म्हणजे विहीर. मला तो प्रश्नच समजला नाही. विहीर बागेत, वाळू किनाऱ्यावर. तिने मला सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज लहान पोराला सांगतात तसा झाला. विहिरीपासून समुद्र हाकेवर आहे. तरी पाणी गोड आहे. कारण पावसाचं पाणी टेकाडाच्या वाळूत मुरतं आणि तिथेच थांबतं, खाली खारं, वर गोड. मे महिन्यात ती मोटर पाव तासापेक्षा जास्त चालवत नाही. जास्त उपसलं की खालचं वर येतं, पाणी मचूळ लागतं, मग दोन दिवस विहिरीला हात लावायचा नाही. पलीकडच्या वाडीत बांधकामाला म्हणून टेकाड खरवडून नेलं. तिथल्या विहिरी आता भांडी घासायलाही चालत नाहीत. माड पिवळे पडले. “वाळू हा म्हणान पाणी हा. ह्यां शाळेत शिकयनत नाय?”

मॅडमचा प्रश्न, आणि हे त्याचं उत्तर. मी गणपतीला दरवर्षी त्या विहिरीचं पाणी पिते. बाटलीत वाळू भरताना मी त्याच टेकाडावर बसले होते.

दुसरं पत्रक लिहायला मला पाच दिवस लागले. मथळा सुचला तो प्रत्येक वेळी खोडला. शेवटी वर फक्त लिहिलं, ‘आधीच्या पत्रकातली चूक’. वाळूत दुर्मिळ मृदा भरलेली आहे हे मी न तपासता लिहिलं होतं. तपासलं, नाही. जे आहे ते इल्मेनाइट. ते काढायला टेकाड जाईल, टेकाड गेलं की विहिरी खाऱ्या होतील. गावी आपली जी माणसं आहेत ती हेच पाणी पितात. आमच्या गटातल्या दादाने वाचून डोकं धरलं. “स्वतःला चोर ठरवतेस पहिल्या ओळीत?” मी म्हटलं, “नियम तुझाच आहे.”

परत त्याच दारांत गेले. या वेळी बाटली नव्हती, सही मागे घेतल्याचा कागद होता. कल्याणच्या चुलत्यांनी दार अर्धंच उघडलं. “परवा सोनं होतं, आज डिस्टेंपर झालं? उद्या काय, रांगोळी?” त्यांच्या सुनेने आतून विचारलं, “कोण आहे?” “कोणी नाही, वाळूवाली.” कळव्याच्या मावशींनी चहा दिला, पण सही मागे घ्यायला नकार दिला. त्यांचं म्हणणं, एकदा दिलेली सही मागे घेतली तर अध्यक्षांसमोर तोंड दाखवता येणार नाही. गावाला त्या शेवटच्या कधी गेल्या ते त्यांना आठवेना. एका जिन्यात एक काका मला समजावत होते की कंपनी आली की रस्ता येतो, रस्ता आला की दिवे येतात. वर तिसऱ्या मजल्यावरच्या बाईने डोकावून सांगितलं, “इथे रस्ता पण आहे, दिवे पण आहेत. वर पाणी चढवून दाखवा.” ती आमच्या गावची नव्हती. तिने एक पत्रक मागून घेतलं.

दिव्यात मात्र गोष्ट वेगळी झाली. दिव्यात विहीर खारी होणं म्हणजे काय हे कोणाला समजावावं लागत नाही. एका खोलीत चार भावांची सामायिक सही होती. त्यांची आई पिंप भरून हाश्शहुश्श करत बसली होती. तिने माझं ऐकून घेतलं आणि मुलांना म्हणाली, “आपण इथे टँकरच्या मागे पळतो, त्यांना तिथे पळायला लावता? द्या सही करून तो कागद.” अशा मोजक्या सह्या मागे आल्या. मोजक्याच. पण सामायिक जमिनीत प्रत्येकाची लागते, हे एजंटला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. म्हणून तो एक दिवस आमच्या घरी आला. बाबांची सही अजून झाली नव्हती.

अध्यक्ष काका बरोबर होते. बाबा मध्ये, आत्या आतल्या खोलीच्या दारात, पट्टी काढलेला डोळा मिचकावत. काका बाबांना म्हणाले, “तुझ्या पोरीने पहिल्यांदा लोकांना आशा लावली, मग पाणी ओतलं. आता तू तरी सरळ वाग.”

मी म्हटलं, “हरकत आत्या घेईल. तिथे राहते ती. विहीर तिची आहे.”

एजंटने फाइल उघडली. सातबाऱ्यावर बोट फिरवलं. “यांचं नाव नाही इथे. यांना हरकत घेता येणार नाही.”

“असं कसं? आजोबांची मुलगी आहे ती.”

त्याने आणखी एक कागद काढला. आजोबा गेल्यावर केलेली वारस नोंद. त्याला कुठून मिळाली देव जाणे, पण त्यांच्या फाइली पूर्ण असतात, हे मान्य करायला हवं. मी वाचलं. मयतास वारस मुलगे दोन. मुली नाहीत. खाली दोन सह्या, वारलेल्या मोठ्या काकांची आणि बाबांची.

मुली नाहीत.

ती दारात उभी होती.  काका म्हणाले, “तेव्हा पद्धत होती. सगळेच असंच लिहायचे. मुली सासरी जातात, नाव लावून घोळ होतो.” एजंट म्हणाला, “कॉमन आहे मॅडम.” आणि मला जो राग आला तो आजवर कुठल्या महापालिकेचा, कुठल्या कंत्राटदाराचा आला नव्हता. मी बाबांना म्हटलं, “हिच्या हातचं जेवून तुम्ही हे लिहिलंत.”

“मी लिहिलं नाही. तलाठ्याने लिहिलं. मी सही केली.”

“मग मीही नाही वाटतं तुमच्या कागदावर?”

“उगाच वाढवू नकोस.”

“मोठी चळवळवाली,” काका म्हणाले, “बापाला पाहुण्यांसमोर बोलतेय.”

तेव्हा आत्या बोलली. माझ्याशी नाही, काकांशी नाही, बाबांशी. लहानपणापासून ती त्यांच्याशी बोलते तशीच, ओरडली नाही. “माका ठावक होता रे. तलाठी इल्लो तेव्हा तेका च्या मीच दिल्लंय. मी म्हटलंय, नाव ऱ्हवांदे, बावडी तर ऱ्हवता. आता बावडी पण जातली असात तर माका सांग. मी वायच आधी आवरून ठेवतंय.”

बाबांनी वारस नोंदीचा कागद उलटा करून ठेवला. आमच्या घरात ते गप्प बसले की प्रकरण संपलं असं धरतात. काका उठले, फॉर्म टेबलावर ठेवून म्हणाले, “उद्या माणूस पाठवतो.” एजंटने आत्याला वाकून नमस्कार केला. हे मला अजून खुपतं, त्याचं ते वाकणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा माझ्या खोलीत आले. हातात कोरा कागद. त्यांना अर्ज लिहिता येत नाही असं नाही. कारखान्यात युनियनचे अर्ज तेच लिहायचे. पण म्हणाले, “तू लिही, तुला सवय आहे.” मी पेन घेतलं. मनात मजकूर तयार होता: अन्याय, दुरुस्ती, तात्काळ. त्यांनी मला थांबवलं. “तसलं नको. मी सांगतो ते लिही.”

ते सांगत गेले, मी लिहीत गेले. तहसीलदार साहेब यांस. वडिलांच्या मृत्यूनंतर वारस नोंदीच्या वेळी मी व माझ्या भावाने मुली नाहीत असे सांगितले. ते खोटे होते, आणि ते खोटे आहे हे आम्हा दोघांना माहीत होते. इथे मी पेन थांबवलं. म्हटलं, बाबा, ‘अनवधानाने’ लिहूया, नाहीतर अंगाशी येईल. इतकी वर्षं ‘कदाचित’ खोडायला शिकलेली मी त्यांना पळवाट सुचवत होते. ते म्हणाले, “अनवधानाने नव्हतं. ती चुलीपाशी होती.”

पुढे: माझी बहीण हयात आहे, त्याच जमिनीवर राहते, तिचे नाव लावावे. तिचे नाव लागेपर्यंत व तिची संमती असल्याखेरीज मी कोणत्याही कामास ना-हरकत देत नाही. दिलेली असल्याचे कोणी सांगत असल्यास ते ग्राह्य धरू नये.

त्यांनी सही केली. मग आत्याला बोलावलं, खुर्ची दिली, आणि कागद तिच्या हातात ठेवला. तिला अजून नीट दिसत नव्हतं. बाबांनी स्वतः वाचून दाखवला, सगळा, ‘खोटे’ या शब्दापाशी न अडखळता. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, “ह्यां मंजूर झालां नाय तर?”

“तर परत लिहू,” बाबा म्हणाले.

अर्ज अजून तहसील कचेरीतच पडून आहे. मंडळाने आम्हाला ग्रुपवरून काढलं. एजंट शेजारच्या गावात फिरतोय असं ऐकते. बहुधा तिथेही तो दुर्मिळ मृदाच सांगत असेल, आणि तिथल्याही कुठल्या सातबाऱ्यावर मुली नसतील. त्या गावची माणसं कुठे राहतात ते मी शोधलं. निम्मी डोंबिवलीत आहेत, उरलेली कळव्यात. त्यांच्या मंडळाच्या सभेची तारीख मला कळली आहे. मी जाणार आहे आणि जेवणाआधी बोलू द्या म्हणणार आहे. आत्यानेही यायचं म्हटलंय, दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन तेवढ्यात झालं तर. मी बोलू की ती बोलेल, यावर घरात वाद चालू आहे. बाबांचं मत तिच्या बाजूने आहे.